पोलीस क्षेत्रप्रशिक्षण

पोलीस दलात नव्याने भरती झालेल्या उमेदवारास प्रशिक्षणशाळेतील शिक्षणक्रम पुरा झाल्यावर, प्रत्यक्ष कामावर असताना, अनुभवी पोलिसाच्या देखरेखीखाली दिले जाणारे शिक्षण आणि त्याच काळात केले जाणारे त्याच्या कामाचे मूल्यमापन यांस क्षेत्रप्रशिक्षण म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत ‘फील्ड ट्रेनिंग’ या नावाने ओळखली जाते. शाळेत उमेदवार कायद्याची कलमे, कवायत, शस्त्रांचा वापर, प्रथमोपचार इ. विषय शिकतो. परंतु मद्यधुंद मनुष्याला शांत कसे करावे, कौटुंबिक भांडणात कोठवर हस्तक्षेप करावा, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा आणि हाती घेतलेल्या बळाचा वापर केव्हा थांबवावा, हे त्याला रस्त्यावरच शिकावे लागते.

वैद्यक, वकिली, सुतारकाम अशा अनेक व्यवसायांत उमेदवारीची प्रथा आहे. पोलिसाची उमेदवारी त्यांहून एका बाबतीत वेगळी ठरते. अटक करण्याचा व बळ वापरण्याचा अधिकार नवख्याच्या हाती प्रारंभापासूनच येतो आणि तो अधिकार त्याला बहुधा वरिष्ठांच्या नजरेआड, क्षणार्धात निर्णय घेऊन वापरावा लागतो. त्याच्या चुकीचे परिणाम सामान्य नागरिकास भोगावे लागतात. त्यामुळे नवख्याला शिकवावे कोणी, तो एकट्याने काम करण्यास योग्य झाला हे ठरवावे कोणी आणि त्या निर्णयाला आधार काय, हे तीन प्रश्न क्षेत्रप्रशिक्षणाच्या इतिहासात पुन:पुन्हा उपस्थित झालेले दिसतात.

पूर्वपीठिका : लंडनमध्ये रॉबर्ट पील याच्या पुढाकाराने १८२९ मध्ये महानगर पोलीस दल स्थापन झाले. आधुनिक पोलीस व्यवस्थेचा तो आरंभ मानला जातो. प्रारंभीच्या काळात शिपायाच्या शिक्षणात कवायतीलाच प्राधान्य होते. बाकीचे काम तो जुन्या शिपायाबरोबर गस्त घालीत शिकत असे. या दलाची ‘पील हाउस’ ही प्रशिक्षणशाळा १९०७ मध्ये सुरू झाली. म्हणजे दलाच्या स्थापनेनंतर सु. पाऊण शतकाने नवख्यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र वास्तू मिळाली.

अमेरिकेत पोलीस दले नगरपालिकांच्या अखत्यारीत असल्याने प्रत्येक शहराची रीत निराळी होती. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ऑगस्ट व्होल्मर याने १९०८ मध्ये पोलिसांसाठी शाळा काढली. तथापि अशी उदाहरणे थोडी होती. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगाने १९३१ मध्ये आपले अहवाल सादर केले. बहुसंख्य शहरांत नवख्यांना पद्धतशीर शिक्षण मिळत नाही, ही गोष्ट त्यांतून पुढे आली. कॅलिफोर्निया राज्याने १९५९ मध्ये पोलिसांच्या निवडीचे व प्रशिक्षणाचे किमान मानदंड ठरविण्यासाठी आयोग स्थापन केला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हे व न्यायदानविषयक आयोगाने १९६७ मधील अहवालात अशी शिफारस केली, की नवख्याला किमान ४०० तासांचे वर्गशिक्षण द्यावे, ते चार ते सहा महिन्यांत विभागून त्याला देखरेखीखालील क्षेत्रकामाची जोड द्यावी आणि परिविक्षाकाळ शक्यतो दीड वर्षाचा, निदान एक वर्षाचा असावा.

शाळांची संख्या वाढली, तरी शाळा आणि रस्ता यांतील अंतर मिटले नाही. ‘शाळेत शिकलास ते विसर, खरे काम आता मी शिकवतो’ असे जुना पोलीस नवख्याला सांगतो, ही गोष्ट पोलीस दलांच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविली आहे. जॉन व्हॅन मानेन या समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका अमेरिकन शहरातील पोलीस शाळेत स्वत: उमेदवार म्हणून शिक्षण घेतले व नंतर नवख्यांबरोबर गस्तीवर राहून निरीक्षणे केली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात पोलीस घडण्याच्या प्रक्रियेचे टप्पे वर्णिले आहेत. नवख्याची दृष्टी, बोलण्याची पद्धत, सावधगिरी आणि सहकाऱ्यांविषयीची निष्ठा ही शाळेतील व्याख्यानांपेक्षा गस्तगाडीतील पहिल्या जोडीदाराकडून अधिक घडते, असे त्याला आढळले. जोडीदार कसा मिळेल, हे मात्र बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून असे. तो काय शिकवितो हे वरिष्ठांना ठाऊक नसे आणि उमेदवाराविषयीचे त्याचे मत फार तर तोंडी कळविले जाई.

सॅन होसे पद्धत : ही अनौपचारिक उमेदवारी नियमबद्ध करण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न कॅलिफोर्नियातील सॅन होसे या शहरात झाला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेस वसलेले हे शहर दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने वाढत होते व त्याबरोबर पोलीस भरतीही वाढत होती. १९७० मध्ये तेथील एका नवख्या पोलिसाच्या हातून, कामावर असताना निष्काळजीपणे गाडी चालविल्यामुळे, भीषण अपघात झाला. दुसऱ्या गाडीतील एक प्रवासी मरण पावला आणि तो पोलीसही गंभीर जखमी झाला. शहराने त्यास नोकरीतून काढून टाकले. परंतु त्याचे सेवापत्र तपासताना प्रशिक्षणाची व मूल्यमापनाची पद्धतच सदोष असल्याचे उघड झाले. उमेदवार या कामास योग्य नाही हे वेळीच दाखवून देईल अशी नोंद ठेवण्याची व्यवस्थाच दलापाशी नव्हती.

रॉबर्ट ॲलन या पोलीस लेफ्टनंटने या प्रकरणानंतर नवख्यांच्या क्षेत्रप्रशिक्षणाची योजना मांडली. मायकेल रॉबर्ट्‌स या मानसशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिला पुढे पक्के रूप आले आणि १९७२ मध्ये ती अमलात आली. पोलिसाच्या रोजच्या कामाचे विश्लेषण करून कोणते गुण व कौशल्ये त्यास अत्यावश्यक आहेत हे प्रथम निश्चित करण्यात आले. त्यानंतर प्रत्येक गुणाची मोजणी कोणत्या वर्तनावरून करावयाची, हे लेखी स्वरूपात ठरविण्यात आले. ‘उमेदवार चांगला आहे’ किंवा ‘त्याचे जमणार नाही’ अशा मोघम शेऱ्यांच्या जागी, पाहिलेल्या वर्तनाची नोंद आणणे हा या योजनेचा गाभा होता.

कार्यपद्धती : सॅन होसे पद्धतीत शाळेनंतरचे क्षेत्रप्रशिक्षण सु. १४ आठवडे चाले. या कामासाठी निवडलेल्या व खास शिक्षण दिलेल्या पोलिसास क्षेत्रप्रशिक्षण अधिकारी म्हणत. उमेदवार एकाच अधिकाऱ्याकडे राहत नसे. त्यास क्रमाने तीन अधिकाऱ्यांच्या हाताखाली, शहराच्या वेगवेगळ्या भागांत व वेगवेगळ्या पाळ्यांत ठेवण्यात येई. एका अधिकाऱ्याचा लोभ वा आकस उमेदवाराच्या भवितव्यावर परिणाम करू नये आणि दिवसाच्या व रात्रीच्या अशा दोन्ही कामांचा अनुभव त्यास मिळावा, असा यामागे दुहेरी हेतू होता. अखेरच्या टप्प्यात तो पहिल्या अधिकाऱ्याकडे परत येई. या टप्प्यात शिकविणे थांबे. अधिकारी शक्यतो मध्ये न पडता केवळ निरीक्षण करी आणि उमेदवार एकट्याने गस्त घालीत असल्याप्रमाणे सर्व काम करी. आरंभी ज्याने त्याला पाहिले त्याच्याच दृष्टीने त्याची प्रगती जोखली जावी, ही या परतीची युक्ती होती.

प्रत्येक पाळीच्या अखेरीस अधिकारी ‘दैनिक निरीक्षण अहवाल’ भरी. त्यात वाहन चालविणे, शहराची माहिती व दिशाज्ञान, बिनतारी संदेशयंत्राचा वापर, अहवाललेखन, कायद्याचे ज्ञान, स्वत:ची व इतरांची सुरक्षितता, ताणाखाली निर्णय घेणे, नागरिकांशी वागणूक, चूक दाखविल्यास ती स्वीकारण्याची वृत्ती इ. सु. तीस बाबींसाठी १ ते ७ या श्रेणीत गुण दिले जात. १ म्हणजे अस्वीकार्य, ४ म्हणजे स्वीकार्य व ७ म्हणजे उत्कृष्ट. श्रेणीचा अर्थ अधिकाऱ्यागणिक बदलू नये म्हणून १, ४ व ७ या गुणांसाठी प्रत्येक बाबतीत कसे वर्तन अपेक्षित आहे त्याची लेखी व्याख्या दिलेली असे. उदा., वाहन चालविताना वारंवार नियम मोडणे वा गाडीवरील ताबा सुटणे हे १ या गुणास पात्र ठरे. गुणांची तुलना नवख्याच्या अपेक्षित पातळीशी करावयाची नसून एकट्याने समाधानकारक काम करू शकणाऱ्या पोलिसाशी करावयाची असे. साहजिकच पहिल्या आठवड्यांतील गुण कमी असत आणि ते हळूहळू वर चढणे ही प्रगतीची खूण मानली जाई.

त्या दिवसातील सर्वांत चांगले व सर्वांत असमाधानकारक काम कोणते, हेही शब्दांत लिहावे लागे. हा अहवाल उमेदवारास दाखवून, त्याच्याशी चर्चा करून त्यावर त्याची स्वाक्षरी घेण्यात येई. विशिष्ट उणीव वारंवार दिसल्यास तिच्यासाठी वेगळे, उपचारात्मक प्रशिक्षण देण्यात येई. तेही निष्फळ ठरल्यास ‘प्रशिक्षणास प्रतिसाद नाही’ अशी स्वतंत्र नोंद केली जाई. देखरेख करणारा सार्जंट या अहवालांच्या आधारे साप्ताहिक आढावा घेई. क्षेत्रप्रशिक्षण संपल्यानंतरही परिविक्षाकाळ पुरा होईपर्यंत ठरावीक मुदतीने मूल्यमापन चालू राही. उमेदवारास सेवेतून दूर करावयाचे झाल्यास त्यामागे एका व्यक्तीचे मत नसून अनेक अधिकाऱ्यांनी अनेक दिवशी केलेल्या नोंदींची साखळी असे.

प्रसार व कायदेशीर बाजू : सॅन होसे येथील अधिकाऱ्यांनी, विशेषत: ग्लेन कामिन्स्की याने, ही पद्धत इतर शहरांतील पोलिसांना शिकविली. मायकेल मॅककॅम्पबेल याने अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाहणीस उत्तर देणाऱ्या पोलीस दलांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश दलांत नियमबद्ध क्षेत्रप्रशिक्षण होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक दलांनी आपल्या योजनेचे मूळ सॅन होसे पद्धतीत असल्याचे सांगितले.

या झपाट्याच्या प्रसारामागे न्यायालयांचाही वाटा होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकरीतील भेदभावास प्रतिबंध करतो. १९७२ च्या दुरुस्तीने त्याची ही तरतूद राज्य व नगर शासनांना लागू झाली. त्यामुळे कृष्णवर्णीय अथवा स्त्री उमेदवारास अपात्र ठरविताना, तो निर्णय कामाशी संबंधित कसोट्यांवर आधारलेला होता हे दाखविणे पोलीस दलांना भाग पडू लागले. दैनिक अहवाल हा त्याचा सोयीचा पुरावा होता. १९८९ मध्ये ओहायओ राज्यातील कँटन शहराविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की प्रशिक्षणातील उणीव ही नागरिकांच्या हक्कांविषयीच्या हेतुपुरस्सर बेपर्वाईइतकी गंभीर असेल, तर त्या उणिवेमुळे झालेल्या हानीस शहर जबाबदार ठरू शकते. म्हणजे नोंदीचा उपयोग दुहेरी झाला. अन्याय्य बडतर्फीपासून उमेदवाराचे व नुकसानभरपाईच्या दाव्यापासून शहराचे रक्षण ती करू लागली.

ब्रिटनमध्ये या विषयाला वेगळ्या प्रसंगाने चालना मिळाली. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल उसळली. तिची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सादर केलेल्या अहवालात प्रारंभिक प्रशिक्षणाचा काळ वाढवावा आणि अशा संवेदनशील वस्त्यांत परिविक्षाधीन शिपायांवर अनुभवी पोलिसांची पुरेशी देखरेख असावी, असे सुचविले. नवख्याची चूक ही केवळ त्याची राहत नाही, ती संपूर्ण वस्तीच्या पोलिसांवरील विश्वासाचा प्रश्न होते, ही जाणीव या शिफारशीमागे होती.

टीका व रीनो पद्धत : सॅन होसे पद्धतीवरील मुख्य आक्षेप तिच्या रचनेतूनच निघतो. शिकविणारा व परीक्षा घेणारा एकच असल्याने उमेदवार त्याच्यापुढे शंका विचारण्यास कचरतो. प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघड करणे आणि अज्ञान उघड होणे म्हणजे गुण कमी होणे, असे समीकरण त्याच्या मनात तयार होते. दुसरे असे, की मोजता येणाऱ्या बाबींना त्यात महत्त्व येते. अहवालातील शुद्धलेखन मोजता येते, वस्तीतील लोकांचा विश्वास संपादन केला की नाही हे एका पाळीत मोजता येत नाही.

नव्वदीच्या दशकात अमेरिकेत लोकाभिमुख पोलीस कार्याचा पुरस्कार होऊ लागला, तेव्हा हा दोष अधिक जाणवला. केंद्रीय न्याय खात्याच्या साहाय्याने १९९९ पासून नेव्हाडा राज्यातील रीनो शहरात नवी योजना आखण्यात आली. प्रौढशिक्षणाच्या सिद्धांतांवर व समस्याधारित अध्ययनावर ती उभारलेली आहे. तातडीचे नसलेले प्रसंग, तातडीचे प्रसंग, गस्त आणि गुन्ह्यांचा तपास असे तिचे चार विभाग असून प्रत्येकात उमेदवारास आपल्या भागातील खरी समस्या घेऊन तिच्यावर तोडगा काढावा लागतो. ज्या वस्तीत काम करावयाचे तिची माहिती तो लोकांना भेटून स्वत: संकलित करतो. रोजच्या गुणांऐवजी साप्ताहिक अहवाल असतात आणि मध्यावधी व अंतिम मूल्यमापन शिकविणाऱ्याहून वेगळा अधिकारी करतो. शिक्षक व परीक्षक यांची ही फारकत रीनो पद्धतीचे वैशिष्ट्य होय. तथापि रोजची नोंद न्यायालयात अधिक उपयोगी पडते, या कारणाने अनेक दलांनी जुनीच पद्धत चालू ठेवली.

या दोन्ही पद्धतींना पुरून उरणारा प्रश्न शिकविणाऱ्याच्या निवडीचा आहे. २५ मे २०२० रोजी मिनेसोटा राज्यातील मिनीआपोलिस येथे डेरेक शॉव्हिन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकास जमिनीवर पालथे पाडून नऊ मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला व त्यात फ्लॉइडचा मृत्यू झाला. शॉव्हिनची नोकरी १९ वर्षांची होती आणि तो क्षेत्रप्रशिक्षण अधिकारी म्हणून काम करीत असे. त्या वेळी फ्लॉइडला धरून ठेवण्यास मदत करणारे दोन पोलीस क्षेत्रप्रशिक्षण नुकतेच संपवून स्वतंत्र कामावर रुजू झाले होते व त्यांपैकी एकाने शॉव्हिनच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. दुसऱ्या नवख्याने फ्लॉइडला कुशीवर वळवावे का, असे विचारले. शॉव्हिनने नकार दिला आणि ते तेथेच थांबले. सहकाऱ्याने अवाजवी बळ वापरल्यास मध्ये पडण्याचे बंधन २०१६ पासून त्या दलाच्या नियमांतच होते. शॉव्हिन २०२१ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला. २०२२ मध्ये दोन्ही नवख्या पोलिसांनाही केंद्रीय न्यायालयाने फ्लॉइडला वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल दोषी ठरविले. वरिष्ठ उपस्थित होता, या सबबीने त्यांची जबाबदारी टळली नाही. शिकविणाऱ्याला नाही म्हणण्याचे धैर्य हा गुण मूल्यमापनाच्या तक्त्यात कोठे नोंदवावा, हा प्रश्न या घटनेने पोलीस दलांपुढे ठेवला.

भारतातील स्थिती : १८६१ च्या पोलीस अधिनियमाने ब्रिटिश भारतातील पोलीस दलांची घडण निश्चित केली. ॲन्ड्रू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१९०२–०३) पोलिसांच्या प्रशिक्षणावर कडक टीका करून प्रांतोप्रांती शाळा स्थापण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्यासाठी १९०६ मध्ये पुण्याजवळील भांबुर्डे येथे निघालेली शाळा १९०९ मध्ये नासिक येथे हलविण्यात आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ही तिचीच वाढ होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मौंट अबू येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. ते पुढे सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी या नावाने १९७५ मध्ये हैदराबादला गेले.

भारतीय पोलीस सेवेतील परिविक्षाधीन अधिकाऱ्यास अकादमीतील पहिल्या टप्प्यानंतर जिल्ह्यात प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी पाठविण्यात येते. तेथे तो जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या देखरेखीखाली कामाचे विविध विभाग पाहतो, काही काळ पोलीस ठाण्याचा स्वतंत्र कार्यभार सांभाळतो आणि दुसऱ्या टप्प्यासाठी अकादमीत परततो. महाराष्ट्रात उपनिरीक्षकही नासिक येथील प्रशिक्षणानंतर परिविक्षाधीन म्हणून ठाण्यात काम शिकतो. पंचनामा कसा लिहावा, ठाणे दैनंदिनीत काय नोंदवावे, फिर्याद घेताना कोणते प्रश्न विचारावेत, हे नवख्या शिपायास व फौजदारास अद्यापही प्राय: ठाण्यातील जुन्या हवालदाराकडूनच कळते.

पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने १९७१ मध्ये समिती नेमली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक माधव सदाशिव गोरे हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १९७३ मध्ये दिलेल्या अहवालात प्रशिक्षणातील कवायतीचे अवाजवी प्राबल्य दाखवून दिले आणि पोलिसाची वृत्ती घडविण्यावर व सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासावर भर दिला. समाजशास्त्रज्ञाने अशा समितीचे अध्यक्षपद भूषविणे हेच या विषयाकडे पाहण्याच्या बदलत्या दृष्टीचे द्योतक होते. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगानेही (१९७७–८१) आपल्या आठ अहवालांत पोलीस सुधारणेचा सर्वांगीण विचार केला.

क्षेत्रप्रशिक्षणाचा इतिहास पाहता असे दिसते, की नवख्याचे शिक्षण शाळेबाहेर होतेच. दलाने ते आखले नाही, तर जो जोडीदार भेटेल तो आपल्या रीतीने ते देतो. सॅन होसेने या शिक्षणाला लेखी नोंद दिली आणि रीनोने शिक्षकाला परीक्षकापासून वेगळे केले. परंतु नोंद करणाऱ्याची योग्यता कोणत्याही तक्त्याने आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून क्षेत्रप्रशिक्षणात नवख्याच्या निवडीइतकीच, किंबहुना तीहून अधिक काळजी, त्याच्या शिक्षकाच्या निवडीत घ्यावी लागते.